चौक बघायला विलायतेला

मी नोकरीत असताना एक सर्कल बांधलं होतं, आणि सात वर्षांनी ते पाडायच्या अंदाजपत्रकावरही माझीच सही होती. मधोमध कारंजं, भोवती साखळी, चार दिशांनी चार रस्ते नाकासमोर येऊन भिडलेले. उद्घाटनाला नारळ फुटला, पेढे वाटले. दोन महिन्यांत कारंजं बंद पडलं आणि पाठोपाठ संध्याकाळी सहा ते आठ चौकही बंद पडायला लागला. गोलात शिरलेल्यांना बाहेर पडता येईना, कारण त्यांच्या वाटेत नवे शिरणारे आडवे उभे. मग मध्ये पोलीस उभा केला, मग सिग्नल बसवला, शेवटी जेसीबी आणला.

ही सल घेऊनच निवृत्त झालो. मग एक दिवस स्विंडनला नोकरी करणाऱ्या भाच्याचा फोन आला. "मामा, या आता. माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर एक सर्कल आहे, त्याच्याभोवती आणखी पाच सर्कलं आहेत." फोन स्पीकरवर होता. ही म्हणाली, "लोक लंडनला जाऊन राजवाडा बघतात, आमचे हे चौक बघणार." शेवटी तह झाला. राजवाडा, संग्रहालयं वगैरे पहिल्या आठवड्यात, आणि सप्टेंबरअखेरचे पाच दिवस माझे.

पहिला दिवस, बुधवार: एलिफंट अँड कॅसल

दौऱ्याची सुरुवात मी मुद्दाम एका मोडलेल्या सर्कलनं केली. कोणीतरी समदुःखी भेटेल म्हणून.

लंडनच्या भुयारी रेल्वेतल्या बेकरलू लाइनच्या दक्षिण टोकाचं स्टेशन म्हणजे एलिफंट अँड कॅसल. वर आलो तर बुरबुर पाऊस आणि समोर स्टेनलेस स्टीलचा एक प्रचंड चकचकीत ठोकळा. हे मायकेल फॅरेडेचं स्मारक, १९६१ चं. फॅरेडेचा जन्म याच भागातला. आणि ठोकळ्याच्या पोटात आहे भुयारी रेल्वेला वीज पुरवणारं सबस्टेशन! विजेच्या माणसाला याहून चांगलं स्मारक कोण देणार? पण अर्धशतक हा ठोकळा एका अवाढव्य सर्कलच्या मधोमध अडकलेला होता. गाड्या वर गरगरत, चालणारे खाली भुयारात. आपल्याकडच्या चौकातल्या पुतळ्यांचं जे होतं तेच. जयंतीला हार घालायलासुद्धा वाहतूक थांबवावी लागते.

सायकलवाल्यांच्या अपघातांसाठी ही जागा लंडनभर बदनाम होती. २०१५-१६ मध्ये गोलाची एक बाजू गाड्यांना कायमची बंद करून बेट थेट फूटपाथला जोडलं. शाळेतल्या भूगोलात सांगायचं तर बेटाचं द्वीपकल्प झालं. भुयारं बुजवली, वर सिग्नलची क्रॉसिंग दिली, सायकलींना वेगळी वाट दिली. आता फॅरेडेच्या ठोकळ्याला पाठ टेकून एक पोरगा डब्यातलं जेवण जेवत होता, दोघं स्केटबोर्डवरून पडत होते.

या भागात दक्षिण अमेरिकेतल्या लोकांची मोठी वस्ती आहे. एका कोलंबियन बाईंच्या टपरीवर चीज भरलेले एम्पनाडा घेतले. हिनं एक घास घेतला आणि निकाल दिला, "तिखट करंजी आहे ही." बाई तिथे वीस वर्षं राहत होत्या. म्हणाल्या, पूर्वी भुयारात एक वळण चुकलं की माणूस भलत्याच रस्त्यावर डोकं वर काढायचा, आणि रात्री उशिरा तर त्या लांबचा फेरा घालून बसनंच जायच्या.

लंडननं हायबरी कॉर्नर आणि ओल्ड स्ट्रीटची मोठी सर्कलंही अशीच मोडलीत. हे कळल्यावर मला, खरं सांगतो, फार हलकं वाटलं.

*टीप: चौक बघायला जाल तर संध्याकाळी पाच ते साडेसहा या वेळेत जा. रिकामा चौक म्हणजे संपावर गेलेली गिरणी, बघून काही कळत नाही.*

दुसरा दिवस, गुरुवार: लेचवर्थ आणि केंब्रिज

किंग्ज क्रॉसहून लेचवर्थ, आणि तिथून त्याच मार्गानं पुढे केंब्रिज. दोन्ही एका दिवसात आरामात होतात.

लेचवर्थ हे एबनेझर हॉवर्डच्या 'उद्याननगर' कल्पनेतून १९०३ साली वसवलेलं गाव. आराखडा रेमंड अन्विन आणि बॅरी पार्कर या जोडीचा. स्टेशनपासून ब्रॉडवे नावाच्या रुंद रस्त्यानं चालत गेलं की सॉलरशॉट सर्कस लागतं. नाव सर्कस असलं तरी हत्ती-वाघ नाहीत. हिरवळीचं एक गोल बेट, झाडं, आणि पाटी: ब्रिटनमधलं पहिलं राउंडअबाउट, सुमारे १९०९. 'सुमारे' हा शब्द मला फार आवडला. आमच्या कोनशिलांवर तारीख पक्की असते, फक्त काम बाकी असतं.

कुत्रा फिरवायला आलेले एक आजोबा थांबले. मी पावलांनी व्यास मोजत होतो, त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. असे येडे अधूनमधून येत असावेत. त्यांनी सांगितलं की सुरुवातीला लोक बेटाच्या दोन्ही बाजूंनी जायचे, 'डावीकडून चला' अशा पाट्या नंतर लागल्या. मधलं बेटही काही अंशी रस्ता ओलांडणाऱ्यांना दम खायला म्हणूनच ठेवलेलं होतं. एवढ्यात एक कुळकुळीत काळी खार बेटावरून पळाली. लेचवर्थच्या काळ्या खारी प्रसिद्ध आहेत, हे तिथे कळलं. हिनं तिचे चौदा फोटो काढले. पहिल्या राउंडअबाउटचा एक.

आजोबांनी 1966 सालाचा विषय काढला आणि मी बाकावर बसलोच. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ब्रिटननं नियम केला: आत शिरणाऱ्यानं थांबायचं, आत फिरणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. तोवर तसा पक्का नियम नव्हता. शिरणारे घुसायचे, फिरणारे अडकायचे, आणि गोल गच्च भरला की सगळंच कुलूपबंद. म्हणजे १९६६ च्या आधीचं इंग्लंड आणि माझा कारंज्याचा चौक यांत काडीचा फरक नव्हता. आपल्या नियमांतही उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्या, असं १९८९ पासून छापलेलं आहे. छापलेलं आहे, पण रस्त्यावर कुठेच आखलेलं नाही. इथे मात्र प्रत्येक तोंडाशी पांढरी तुटक रेघ होती, आणि गाडी आली की तिचं पुढचं चाक त्या रेघेशी येऊन घुटमळत होतं. मी वीस मिनिटं फक्त चाकं बघत बसलो. त्यानंतर उरलेल्या दौऱ्यात मी दुसरं काही बघितलंच नाही म्हणा ना.

दुपारी केंब्रिज. कॉलेजं, नदी, होड्या हे सगळं हिनं एकटीनं बघितलं. मी बसनं अ‍ॅडनब्रूक्स हॉस्पिटलपाशी उतरून फेंडन रोडच्या सर्कलवर गेलो. जुलै २०२० मध्ये सुरू झालेलं हे ब्रिटनमधलं पहिलं डच धाटणीचं राउंडअबाउट, जिथे सगळ्या बाजूंना चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना गाड्यांच्या आधी मान आहे. सगळ्यात बाहेर फूटपाथ, त्याच्या आत लाल रंगाचं सायकलींचं कडं, त्याच्या आत गाड्यांचा गोल. सुमारे तेवीस लाख पौंड लागले, पहिला अंदाज आठ लाखांचा होता. अंदाजपत्रक फुगणं ही साऱ्या जगाची मातृभाषा आहे. उद्घाटनाला तीन दिवस होत नाहीत तोच एका गाडीनं झेब्राजवळचा दिव्याचा खांब ठोकला आणि ड्रायव्हर पसार झाला, हे ऐकून तर मला घरच्यासारखं वाटलं.

शाळा सुटायची वेळ होती. एका आईनं पुढे लाकडी पेटी असलेली सायकल आणली, पेटीत दोन पोरं, एकाच्या हातात केळं. ती लाल कड्यावरून आली आणि वेग कमी न करता थेट ओलांडून गेली. पांढरी व्हॅन थांबली होती. ड्रायव्हर चांगुलपणानं थांबला असं नव्हे. व्हॅन तिथे वेगात येऊच शकत नव्हती. रस्ता अरुंद करत आणलेला, गोलात शिरायचं वळण काटकोनात, मधलं बेट समोर भिंतीसारखं. मग त्यानं एकेक प्रश्न क्रमानं सोडवला: आधी चालणारे, मग सायकली, मग उजवीकडची गाडी. पाठोपाठ बस आली. तिची मागची चाकं बेटाभोवतीच्या जरा उचललेल्या पट्ट्यावरून गेली. मोठ्या गाडीला ती पट्टी वळायला मोकळी, छोट्या गाडीला तिथून जाताना हिसका बसतो. एका पट्टीत दोन कामं.

संध्याकाळी चहाच्या दुकानात मी हिला कागदी रुमालावर आकृती काढून दाखवली. साध्या चौकात गाड्यांच्या वाटा एकमेकींना बत्तीस ठिकाणी भिडतात, एकपदरी गोलात फक्त आठ ठिकाणी. त्यातही समोरासमोरची टक्कर नाही, घासाघीस तेवढी. अमेरिकेत चौकांची राउंडअबाउट केल्यावर माणसं जखमी होणारे अपघात तीन-चतुर्थांशानं घटल्याचं आढळलं. "मग तुमचं का फसलं?" हिनं विचारलं. ब्रिटिश मानकं सांगतात की गाडीची शिरायची वाट इतकी वाकवा की तिची त्रिज्या शंभर मीटरच्या वर जाता कामा नये. माझे चारही रस्ते सरळ नाकासमोर आलेले. माझी त्रिज्या अनंत होती! माझं सगळं लक्ष मध्ये होतं, कारंज्याच्या नोझलचे तीन नमुने मागवले होते मी. काठ आखायचं राहूनच गेलं.

हिनं रुमाल घडी घालून पर्समध्ये ठेवला. का, ते विचारलं नाही.

*टीप: जोडीनं फिरणार असाल तर 'टू टुगेदर' रेलकार्ड काढा. दोघांच्या तिकिटावर एकतृतीयांश सूट मिळते. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी मात्र चालत नाही.*

तिसरा दिवस, शुक्रवार: मिल्टन कीन्स

यूस्टनहून गाडी, स्वच्छ ऊन, आणि माझी थोडी निराशा.

१९६७ साली ठरवून वसवायला घेतलेलं हे शहर. साधारण एकेक किलोमीटरवर आडवे-उभे रस्ते, आडव्यांना एच आणि उभ्यांना व्ही. जिथे दोन छेदतात तिथे बहुतेक राउंडअबाउट. एकूण सव्वाशेच्या वर. बसमधून जाताना पोटातलं पाणी डावीकडे-उजवीकडे डुचमळत राहतं. रस्त्याकडेला एवढी दाट झाडी की घरं दिसतच नाहीत. "गाव कुठाय?" असं हिनं तीनदा विचारलं.

गाड्यांसाठी हे खरंच सुरेख चालतं. चालणाऱ्यांना आणि सायकलींना 'रेडवे' नावाच्या वेगळ्या तांबड्या वाटा आहेत, मोठ्या रस्त्यांखालून जाणाऱ्या. दिवसा छान. पण दुपारी दोन वाजता एका भुयारात आम्ही दोघंच होतो, आणि मला कोलंबियन बाई आठवल्या. माणूस खाली आणि गाडी वर, हाच हिशेब एलिफंटला मोडला होता.

हिच्यासाठी मात्र हा दिवस सगळ्यात भारी ठरला. रेडवेवरून सहा चाकांचा, गुडघ्याएवढा, वर झेंडा लावलेला एक रोबो एकटाच किराणा घेऊन चालला होता. रस्त्याच्या कडेला थांबला, इकडेतिकडे बघितल्यासारखं केलं, ओलांडून गेला. "आमच्या गल्लीत याची चाकं तरी राहतील का?" एवढं बोलून ही त्याच्यामागे थेट एका घराच्या फाटकापर्यंत गेली.

चौथा दिवस, शनिवार: स्विंडन

पॅडिंग्टनहून तासाभरात स्विंडन. भाचा स्टेशनवर आला होता. एका बेकरीत विल्टशरची खासियत म्हणून 'लार्डी केक' घ्यायला निघालो, तेवढ्यात तो ओरडला, "मामी, नको! डुकराच्या चरबीतला आहे." शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवा, दिसायला तो अगदी निरागस असतो.

आणि मग ते. मॅजिक राउंडअबाउट.

फ्रँक ब्लॅकमोर हा सरकारी रस्ते संशोधन प्रयोगशाळेतला माणूस. १९७२ मध्ये हे उभं राहिलं ते त्याच्या कल्पनेतून. पाच रस्ते एकत्र येतात, प्रत्येकाच्या तोंडाशी एक छोटं राउंडअबाउट, आणि पाचांच्या मध्ये एक बेट. प्रत्येक छोट्या गोलाभोवती गाड्या नेहमीसारख्या घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतात. मधल्या बेटाभोवती उलट्या! जुन्या घड्याळाचं मागचं झाकण उघडलंय कधी? कडेची दातेरी चाकं एका दिशेनं फिरली की मधलं दुसरीकडे फिरतं, तसं. मूळ नाव 'काउंटी आयलंड्स'. लोकांनी लहान मुलांच्या एका टीव्ही मालिकेवरून मॅजिक म्हणायला सुरुवात केली आणि पुढे तेच अधिकृत झालं. २००५ मध्ये एका विमा कंपनीच्या पाहणीत याला सगळ्यात वाईट राउंडअबाउटचा मानही मिळाला.

मला भावली ती ते बांधायची रीत. सुरुवातीला छोटे गोल कायमचे आखलेच नव्हते. हलवून, सरकवून बघायचे, आणि प्रत्येक गोलापाशी एक पोलीस उभा राहून लोक कसे वागतात ते बघायचा. जमलं तसं पक्कं केलं. मी कारंज्याचा पाया आधी ओतला होता.

संध्याकाळी शेजारच्या मैदानावरची फुटबॉल मॅच सुटली. लाल शर्टांचा लोंढा फूटपाथवर, पाचही रस्त्यांवर गाड्या. मी भाच्याच्या छत्रीखाली उभा राहून मोजत होतो. गाडी रेघेशी येते, ड्रायव्हर फक्त उजवीकडे बघतो, फट दिसली की सुटतो, दहा-पंधरा मीटरवर पुढची रेघ. वेग असा नाहीच. हॉर्न पाऊण तासात दोन, त्यातला एक मॅच जिंकल्याचा.

बाजूला बसची वाट बघत एक गृहस्थ उभे होते. आमचं मराठी ऐकून वळले. "तुमी खंयचे?" म्हापशाचे निघाले! स्विंडनमध्ये गोंयकारांची मोठी वस्ती आहे, पोर्तुगीज पासपोर्टावर आलेली. हे एका गोदामात काम करतात. पहिल्या वर्षी हा चौक टाळायला दोन मैल वळसा घ्यायचे, असं त्यांनीच सांगितलं. "आतां?" मी विचारलं. "आतां भिवपाची गरज ना. उजवेकडेन पळय आनी वच." उजवीकडे बघ आणि जा. ब्लॅकमोरचं सगळं काम त्यांनी बसस्टॉपवर एका ओळीत सांगितलं. त्यांनीच जवळच्या गोवन दुकानाचा पत्ता दिला. हिला भाजी-पाव मिळाला आणि मी व भाच्यानं, हिची नजर चुकवून, डुकराच्या सॉसेजचा चोरीस-पाव.

पाचवा दिवस, रविवार: सकाळी सात

भारतीय लायसन्सवर इथे वर्षभर गाडी चालवता येते. भाच्यानं माझ्या नावावर एका दिवसाचा विमा काढला होता. *(टीप: हा विमा विसरू नका. नात्यातली गाडी असली तरी तुमच्या नावाचा विमा नसेल तर गुन्हा आहे.)*

ओला रस्ता, रिकामा चौक. भाचा शेजारी, ही मागे, हातात पर्स घट्ट. पहिली रेघ. उजवीकडे कोणी नाही. छोट्या गोलाला उजवीकडे ठेवून आत गेलो, उजवीकडे वळलो, आणि मधलं बेट माझ्या डाव्या हाताला आलं. चाळीस वर्षं गाडी चालवतोय. सर्कल डाव्या हाताला कधी आलेलं नाही. डोकं म्हणतं चुकलास, रस्ता म्हणतो बरोबर आहे. दुसरी रेघ. एक दूधवाली व्हॅन उजवीकडून गेली. तिसरी. ज्या रस्त्याला बाहेर पडायचं तो मागे राहिला.

"अहो, हे स्टेडियमचे दिवे मी तिसऱ्यांदा बघतेय."

"राहू द्या मामी, मामांना फिरू द्या."

चौथ्या फेरीला बाहेर पडलो आणि पुढे गाडी लावून चालत परत आलो. छोट्या गोलाचा मधला पांढरा घुमट जवळून बघायचा होता. मानकांप्रमाणे तो चार मीटरहून रुंद आणि १२५ मिलिमीटरहून उंच असायचा नाही. म्हणजे जेमतेम अर्धी वीत. त्याच्यावर टायरच्या काळ्या खुणा होत्या. इथेही लोक कोपरे मारतात तर! पण तुटक रेघांचा रंग ताजा होता, कोणीतरी नुकताच पुन्हा मारलेला. फूटपाथवरून हात लांब करकरून मी त्या रेघेचे फोटो काढले, वेगवेगळ्या उजेडात.

परत आल्यावर रविवारी बहिणीकडे जमलो. मोबाइल हातोहात फिरला. काळी खार सगळ्यांना आवडली, रोबो तर फारच. मग माझे फोटो सुरू झाले. ताईनं चष्मा लावला, एक सरकवला, दुसरा, दहावा, विसावा.

"अरे, या तर नुसत्या रेघा. सर्कल कुठाय?"

हिनं पर्समधून घडी घातलेला कागदी रुमाल काढून तिच्यापुढे ठेवला.